ठमीला भ्यायला शिकवताना

आमच्या अकलूजमध्ये कुणी रानडुकरांच्या ओढीनं परदेशात निघालंय असं सांगितलं, तर लोक आधी तुमच्या तोंडाकडे बघतात आणि मग घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारतात. मला तर भाजीवालीनंही विचारलं. उभा ऊस एका रात्रीत आडवा करणारं हे जनावर आमच्याकडे शिव्या खायलाच जन्माला येतं. त्यामुळे आमची लेक फिलिपिन्समध्ये डुकरांची डॉक्टर आहे आणि आम्ही दोघं दीड महिना तिच्याकडे निघालोय, असं मी चारचौघांत सांगू लागले की आमचे हे हळूच दुसरीकडे बघायचे.

ह्यांचं तरी काय चुकलं? सगळी नोकरी साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात गेली, चिटबॉय म्हणून. कुणाच्या रानात कुठल्या जातीचा ऊस उभा आहे हे बघत सायकलवरून हिंडायचं आणि तोड कधी येणार म्हणून शेतकऱ्यांची बोलणी खायची. निवृत्त झाले तेव्हाही हुद्दा बॉयच होता. घरच्या दोन एकरांत डुकरं यायची ती वेगळीच. मी दूध डेअरीत होते. आलेल्या दुधाची फॅट काढायची आणि पाणी कुणी घातलंय ते पकडायचं. माणसांच्या गोड बोलण्यावर विश्वास न ठेवण्याचा मला तीस वर्षं पगार मिळाला, ती खोड आता जात नाही.

निघण्याआधी मुक्ताचा फोन आला. "आई, येताना जुन्या साड्या आण. दहा-बारा. फाटक्या असल्या तरी चालतील."

कशाला, ते विचारावं लागलं नाही. डुकरं आत शिरू नयेत म्हणून आमच्याकडे उसाभोवती काठ्या रोवून जुन्या साड्या ताणून बांधतात. करमाळ्याकडे जाताना कितीतरी रानं अशी लाल, हिरव्या, जांभळ्या लुगड्यांनी वेढलेली दिसतात. मुक्ताला तिकडे कुणाच्या तरी उसाला तसं कुंपण करून द्यायचं होतं. पण परमुलखात परक्या बाईच्या दारात फाटकी साडी घेऊन जायला माझं मन धजेना. मी सोलापुरात जाऊन नऊ नव्या सुती साड्या घेतल्या, घडी न मोडता बॅगेत भरल्या आणि कुणाला काही सांगितलं नाही.

बाकोलोद

विमानांचं आणि रांगांचं सांगत बसत नाही. मनिलाला कस्टमच्या पोरीनं आमची बॅग उघडून कडक भाकरीचा गठ्ठा बाहेर काढला, बोटानं वाजवून बघितला आणि हे काय म्हणून विचारलं. ह्यांनी तिच्यासमोर एक भाकरी मोडून खाऊन दाखवली. शेंगाचटणीचा डबा तिनं स्वतःच नाकाशी नेला, दोनदा शिंकली आणि आम्हाला जायला सांगितलं.

नेग्रोस हे बेट साखरेचं. बाकोलोदच्या विमानतळावरून बाहेर पडलो तर दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. कांड्या सांडत जाणारे ट्रक, वाऱ्यावर येणारा मळीचा वास. हे गाडीच्या काचेला नाक लावून बसले होते.

"एवढं विमानात बसून परत आपल्या माळशिरस तालुक्यातच आलो की," ते म्हणाले, आणि घर सोडल्यापासून पहिल्यांदा हसले.

जेवणाचे मात्र हाल झाले. तिकडे भाजीतसुद्धा डुकराचं मांस असतं. मुक्ता दुकानदाराला काहीतरी समजावून सांगायची, तो मान डोलवायचा आणि माझ्या पुढ्यात नुसता भात यायचा. ह्यांचं भागलं, कारण कोळशावर भाजलेली कोंबडी तिथली प्रसिद्ध, तिला ते इनासाल म्हणतात. माझी सोय पियायानं केली. ही आपल्या गुळाच्या पोळीची चुलत बहीण. आत काकवीच्या चवीची काळपट साखर, वर तीळ, आणि तव्यावर भाजलेली. पहिला घास खाल्ला आणि दुकानातल्या बाईनं शिकवलेला शब्द मी तिलाच ऐकवला, "नामित." म्हणजे चवदार. तिनं खूश होऊन आणखी दोन बांधून दिल्या. वर तूप असतं तर मी तिथंच राहिले असते.

दुसऱ्या दिवशी मुक्ता आम्हाला ती काम करते त्या केंद्रात घेऊन गेली. आत जाण्याआधी कपडे बदलायचे, गमबूट घालायचे, ते औषधाच्या पाण्यात बुडवायचे. मध्यंतरी बेटावर पाळीव डुकरांत रोगाची साथ आली होती, तेव्हापासून सगळे धास्तावलेत. ज्या जातीची इथं पैदास करतात ती जगात फार थोडी उरली आहे, म्हणून जास्तच.

तुम्ही हे जनावर बघितलेलं नाही, म्हणून नीट सांगते. स्थानिक लोक त्याला बाबॉय तालूनॉन म्हणतात, म्हणजे रानातलं डुक्कर. मुक्ता त्याला चामखीळ डुक्कर म्हणते. आपल्या रानडुकरापेक्षा अंगानं लहान, रंग करडा, आणि नाकाडावरून आडवा पांढरा पट्टा. नराच्या तोंडावर मांसाचे उंचवटे असतात, म्हणजे झुंजीत दुसऱ्याचे सुळे गालात घुसत नाहीत. विणीचा हंगाम आला की नराच्या मानेवर लांब आयाळ वाढते आणि डोळ्यांवर येते. असा एक नर कोपऱ्यात उभा राहून झिपऱ्यांतून आमच्याकडे बघत होता. ह्यांनी त्याचं नाव जागच्या जागी फौजदार ठेवलं.

"ही फक्त ह्या दोन-चार बेटांवरची," मुक्ता सांगत होती. "शेजारच्या सेबू बेटावर होती, ती संपली. इथं डोंगरात थोडी उरलीत. जंगल तोडलं ना सगळं."

"कशासाठी तोडलं?" ह्यांनी विचारलं.

"उसासाठी, अण्णा."

 हे फौजदाराकडे बघून म्हणाले, "आमच्याकडं तुमी आमचा ऊस खाता. हितं आमच्या उसानं तुमाला खाल्लं."

तेवढ्यात एका मादीनं मुक्ताला बघितलं आणि ती जाळीकडे पळत आली. ही ठमी. डोंगरातल्या कुणीतरी एक पट्टेरी पिल्लू टोपलीत ठेवलं होतं, ते केंद्रात आलं तेव्हा दोन मुठींत मावत होतं. मुक्तानं त्याला बाटलीनं दूध पाजलं, दर दोन तासांनी, आणि गळ्याशी धरून ऊब दिली. आता ती पूर्ण वाढलेली मादी होती. पण मुक्ता आत गेल्याबरोबर तिच्यापुढे आडवी पडली, चारी पाय पसरले आणि पोट खाजवून घेत डोळे मिटून घेतले. आमच्या घरी ही पोरगी स्वतःचं ताट उचलत नव्हती. मला एकदम भरून आलं आणि मी गमबुटांकडे बघत राहिले.

"म्हंजी आमी आजा-आजी झालो म्हण की," हे म्हणाले. 

डोंगरावर

ठमी, फौजदार आणि आणखी तिघी अशी पाच जनावरं जंगलात सोडायची, हे मुक्ताचं दोन वर्षांचं काम. त्यासाठी उत्तरेकडच्या डोंगरात, रानाच्या कडेला जाळीचं मोठं वाडगं, म्हणजे कुंपण घातलेली बंदिस्त जागा, केलं होतं. जनावरांना तिथली हवा आणि झाडोरा अंगवळणी पडला की दार उघडायचं. पण केंद्राची एक अट होती. रानाला लागून ज्यांची शेतं आहेत त्यांनी आधी लिहून द्यायचं, की आम्ही फासे लावणार नाही. सगळे शेतकरी एका माणसाच्या तोंडाकडे बघत होते, आणि तो सही करत नव्हता. हा नोंग बर्तो. नोंग म्हणजे आपल्याकडे दादा म्हणतात तसं.

बर्तो साठीकडे झुकलेला, हडकुळा, बोलायला हळू. त्याचा ऊस आणि रताळी थेट जंगलाला भिडलेली. त्यानं आम्हाला बाकावर बसवलं आणि त्याच्या बायकोनं, नांग लूसनं, उकडलेली रताळी पुढे ठेवली. नांग म्हणजे ताई. मग तो मुक्ताशी बोलू लागला आणि ती आम्हाला मराठीत सांगू लागली.

"तो म्हणतोय, डुक्कर जंगलाचं आहे हे मला मान्य. पण ते जेवायला माझ्याकडे येणार. तुझं पोट पगारावर भरतं, डुकराचं माझ्या रानात भरेल. मग उपाशी कोण राहील?"

"बरोबर बोलतोय की त्यो," हे म्हणाले.

"अण्णा, तुम्ही कुणाच्या बाजूचे?"

"उसाच्या."

मुक्ता चिडून बाहेर गेली. हे आणि बर्तो उसात शिरले. दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं. ह्यांनी एक कांडं मोडलं, नखानं त्यावरचा डोळा उकरला, पानाची मागची बाजू दाखवून नाक मुरडलं. बर्तोनं दुसरं कांडं मोडून दातानं सोललं आणि ह्यांच्या हातात दिलं. तासाभरानं दोघं बाहेर आले तेव्हा बर्तोची टोपी ह्यांच्या डोक्यावर होती.

मग साड्यांचा विषय निघाला. मी बॅग उघडली. नऊ कोऱ्या करकरीत साड्या बघून ह्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"अगं, नव्या साडीला कशाचा वास? डुकराला दिसतं कमी, त्यो वासावर चालतो. अंगावर वापरलेली साडी पायजे, माणूस हितंच बसलाय असं वाटलं पायजे त्याला."

हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण लाजेपुढे सुचलं नाही. मुक्तानं डोळे मिटून एक मोठा श्वास घेतला. मी मात्र तोवर लूसला पाटावर, म्हणजे तिच्या एका खोक्यावर, बसवलं होतं, कारण साडी अशी हातात कोंबून देत नाहीत. कुंकू लावलं, तिच्याच घरातला नारळ आणि तिच्याच डब्यातले तांदूळ साडीवर ठेवून ओटी भरली. तिला वाटलं मी तिला भात करायला सांगतेय. ती लगेच चूल पेटवायला उठली.

तोड ह्यांनीच काढली. साड्या नव्या आहेत, तर नेसून जुन्या करायच्या. लूसनं शेजारच्या मळ्यांतल्या बायका गोळा केल्या आणि त्या दुपारी फिलिपिन्सच्या डोंगरावर मी आठ बायकांना साडी नेसवली, लूस धरून. नववी साडी मी स्वतः नेसले. काष्टा घातल्याशिवाय खुरपायला जमणार नाही हे त्यांना पटकन कळलं. चार दिवस त्या साडीतच रताळी काढत होत्या, पदर कमरेला खोचून, हसत. घाम आणि धूर सगळा कापडात उतरला. लूसनं साडीच्या बदल्यात मला तिचे दोन डस्टर दिले. डस्टर म्हणजे आपला गाऊन. मुक्ताच्या सांगण्यावरून मीही माझ्या नेहमीच्या चार साड्या कुंपणात घातल्या आणि पुढचा महिना भरदिवसा, चारचौघांत, गाऊन घालून हिंडले. पहिले दोन दिवस खांद्यावर टॉवेल घेत होते. तिसऱ्या दिवशी तोही सोडला.

तपासणी

इथं माझी खोड आडवी आली. बर्तो आता जवळजवळ तयार होता. साड्या बांधून बघू आणि सही करू, असं तो म्हणाला होता. मी मुक्ताला म्हटलं, त्याला सांग, आधी तपासून बघ. पाचही जनावरं आठ दिवसांपूर्वी वाड्यात, म्हणजे त्या जाळीच्या वाडग्यात, आणली आहेत. तिथंच एका कोपऱ्याला साड्या लावू, पलीकडे रताळी टाकू. जनावर थांबलं तर सही कर.

"आई, गरज आहे का?" मुक्ता म्हणाली. "तो करतोय सही."

"दूध नासलं तर माणूस गवळ्याचं नाव घेतो, मुक्ता. उद्या ऊस गेला तर तुझं घेईल."

तिनं सांगितलं. बर्तोला ते आवडलं.

सकाळी आठ-साडेआठला आम्ही जाळीबाहेर उभे राहिलो. फौजदार आधी आला. लूसनं नेसलेल्या हिरव्या साडीशी थबकला, हुंगलं, फुस्स केलं आणि बाजूला झाला. हे बर्तोकडे बघून भुवया उडवू लागले. मग ठमी आली. तिनं माझ्या जांभळ्या साडीवरून नाक फिरवलं, कड शोधली, मुस्काटानं ती वर उचलली आणि पदर पाठीवर घेऊन आत आली. तिच्या मागून बाकीच्या तिघी आणि शेवटी फौजदारही. ते चौघं रताळ्यांवर तुटून पडले. ठमीनं रताळ्यांकडे बघितलंही नाही. ती सरळ आम्ही उभे होतो तिथं आली आणि जाळीशी मुक्ताच्या पायापुढे आडवी पडली.

बर्तो मोठ्यानं हसला. मग हसायचा थांबला आणि हलक्या आवाजात दोन वाक्यं बोलला. मुक्तानं ती सांगितली नाहीत.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

तिनं ठमीकडे बघतच सांगितलं. "म्हणाला, माझ्या उसाचं राहू दे. ही फासे लावणाऱ्या माणसापुढेसुद्धा अशीच जाऊन पडेल, पोट खाजव म्हणून."

तेव्हा मला कळलं की आम्ही इतके दिवस चुकीची गोष्ट तपासत होतो. माणसाचा वास म्हणजे धोका, हे त्या जनावराला कुणी शिकवलंच नव्हतं. तिला माणसाचा वास म्हणजे दूध आणि ऊब. ती पुढे आणि बाकीचे तिच्या मागे. दार उघडलं असतं तर पाचही जणं आठवडाभरात कुणाच्या तरी भांड्यात गेली असती. सोडलं नाही तर जन्मभर पिंजऱ्यात, आणि रोग आला तर तिथंच संपणार. मुक्ता वाडग्याशेजारच्या केंद्राच्या खोपटात जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. तिनं दिवसभर काही खाल्लं नाही. मी दोनदा पियाया घेऊन गेले, दोनदा परत आणली. तपासणीचं खूळ माझं होतं, आणि ते बरोबर होतं म्हणून मला काही बरं वाटत नव्हतं.

हाऽऽड

दुसऱ्या दिवशी सकाळी हे तिच्याजवळ जाऊन बसले.

"पोरी, तुला काय वाटतं, आपल्याकडची डुकरं आजपतुर का टिकली?"

मुक्ता त्यांच्याकडे वळली.

"आमी त्यांच्या मागं लागलो म्हणून. डबं बडवलं, आरडलो, कुत्री सोडली. माणूस दिसला की पळायचं, हे आईच्या पोटात असल्यापासनं ठावं हाय त्यांस्नी. तुज्या ठमीच्या मागं कोणच लागलं न्हाय."

"मग?"

"मग आपण लागू. मला दुसरं काय येतंय? जन्मभर त्येच केलंय की."

तिनं केंद्रातल्या वरिष्ठांना फोन लावला. तिकडेही असं काहीतरी करायला हवं हे बोललं जात होतं, कुणी हात घालत नव्हतं एवढंच. ह्यांनी नियम ठरवले आणि मुक्तानं ते लिहून काढले. माणूस दिसला की खाणं मिळायचं बंद. खाणं आडून टाकायचं, तेही कुणी दिसणार नाही असं. साडीजवळ जनावर आलं की साडीमागून आवाज करायचा. जनावराला मारायचं नाही, दगड नाही, काठी नाही. फक्त आवाज आणि पाण्याचा फवारा.

आवाज ह्यांनी शिकवला. पत्र्याचा डबा कसा धरायचा, पोटातून "हाऽऽड" कसं काढायचं. बर्तोला दोन दिवसांत जमलं. लूसचा आवाज तर ह्यांच्यापेक्षा लांब जायचा. सकाळ-दुपार साड्यांमागे हे आणि बर्तो, अशी दोन म्हातारी मंडळी डबे घेऊन बसायची, आणि डोंगरावर माळशिरस तालुक्यातली हाक घुमायची. आम्ही बायका आडून रताळी सोलत ऐकायचो. चौथ्या-पाचव्या दिवसापासून फौजदार साडी दिसली की लांबूनच वळायला लागला. तिघी माद्या त्याच्याबरोबर.

ठमी वळेना. डबा वाजला की ती दचकायची, मागे सरायची आणि मुक्ता कुठं आहे ते शोधायची. भीती वाटली की आईकडे जायचं, एवढंच तिला माहीत होतं.

"हे आता तुलाच करायला पायजे," हे मुक्ताला म्हणाले.

"अण्णा, मला नाही जमणार. मी बाटलीनं वाढवलंय तिला."

"म्हणून तर तूच. माजं ती कशाला ऐकंल?"

मुक्ता माझ्याकडे बघू लागली. मी तिला नको जाऊस म्हणावं, असं तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं, आणि मलाही तेच म्हणायचं होतं. मी डबा उचलला आणि तिच्या हातात दिला.

पहिल्या दिवशी तिच्या तोंडून आवाजच फुटला नाही. ठमी पळत आली, आडवी पडली, आणि मुक्ता डबा खाली टाकून निघून गेली. दुसऱ्या दिवशी तिनं डबा वाजवला. ठमी उठून उभी राहिली आणि काही चुकलं का अशी बघत राहिली. तिसऱ्या दिवशी मुक्ता ओरडली, फवारा मारला, आणि जाळीआड येऊन माझ्या गाऊनमध्ये तोंड खुपसून रडली. लूस बाजूला बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटत होती. त्याचा अर्थ मी विचारला नाही. असे दहा-बारा दिवस गेले. ठमी आता आडवी पडत नव्हती, पण पळतही नव्हती. थोडं अंतर राखून थांबायची. त्या अंतरातून दोघी एकमेकींकडे बघत राहायच्या, ते बघवत नसे.

आमचं परतीचं विमान जवळ आलं होतं. निघायच्या आदल्या सकाळी मुक्ता डबा न घेताच वाड्यात शिरली. मी हाक मारणार होते, ह्यांनी माझा हात धरला. ठमी पलीकडे मुळं उकरत होती. वारा मुक्ताच्या बाजूनं तिकडे जात होता. ठमीनं मान वर केली. नाक हललं. मानेवरचे केस ताठ उभे राहिले. तिनं फुस्स केलं, असं पहिल्यांदाच, आणि झुडपात शिरली. फांद्या हललेल्या दिसल्या, मग त्याही थांबल्या. ती वळली नाही.

मुक्ता तिथंच उभी राहिली. रिकामे हात अंगाशी धरून. मग सावकाश बाहेर आली.

"गेली," ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ती हसत होती.

बर्तोनं कागद मागितला. टेबल नव्हतं, म्हणून ह्यांनी पाठ वाकवली आणि त्यानं त्यांच्या पाठीवर कागद ठेवून सही केली. लिहिताना पेन कापडात रुतत होतं, तर हे हलत होते, गुदगुल्या होतात म्हणून.

अकलूज

आम्ही परत आल्यावर पंधरा दिवसांनी दार उघडलं. तीन दिवस पाचांपैकी कुणी बाहेर पाऊल टाकलं नाही, चौथ्या दिवशी वाडगं रिकामं होतं. नंतर बर्तोच्या रानाच्या कडेनं खुरांचे ठसे उमटलेले दिसले. साड्यांपर्यंत आलेले, तिथं थोडे घोटाळलेले आणि डोंगराकडे परत वळलेले. कुंपण किती दिवस चालेल ते सांगता येत नाही. आमच्याकडेही दोन-तीन महिन्यांत डुकरं शहाणी होतात आणि मग नवीन काहीतरी करावं लागतं. बर्तोला ह्यांनी तेही सांगून ठेवलंय.

मुक्ताचा फोन दर रविवारी सकाळी येतो. जेवलीस का, पाऊस आहे का, हे झालं की मी विचारते, "ठमी दिसली का गं?"

"नाही दिसली," मुक्ता सांगते. "कुणालाच दिसली नाही."

"बरं झालं बाई," मी म्हणते, आणि फोन ह्यांच्याकडे देते, कारण तेही कधीचे हात पुढे करून उभे असतात.